दोन फिल्मांच्या मधली जागा

बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात 'यादव कौतिक महाजन कुठे राहतात' असं विचारलंत तर माणूस आधी डोकं खाजवील. पण 'क्यूंभाऊचं घर' म्हणा, तो आपली रिक्षा बाजूला लावून तुम्हाला दारापर्यंत आणून सोडील. हे नाव यादवला त्याच्या जिभेनं मिळवून दिलं होतं. समोरच्यानं काहीही सांगो, यादवचं पहिलं उत्तर ठरलेलं: "क्यूं?" त्यात भांडण नसे की संशय नसे. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं असे, आणि तीच लोकांची पंचाईत होती. भांडणाऱ्याला गप्प करता येतं, जाणून घ्यायला बसलेल्याला कसं गप्प करणार?

खोड लहानपणची. तुकईथडला त्याच्या बापाची केळी होती. घड उतरवला की झाड कापून टाकायचं, हे पाहून पोरानं विचारलं, झाड का कापायचं? कौतिक म्हणाला, "कारण त्याचं काम झालं. तुझं आजून सुरूच नही झालं, चल, ऊठ." एवढ्यानं एखादं पोर सुधारलं असतं. पण जित्याची खोड म्हणतात ती हीच.

पुढे यादव शहरात आला, ट्रस्टच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागला. तिथल्या मोतीलाल डॉक्टरांना त्याच्या प्रश्नांनी इतकं भंडावलं की त्यांनी त्याला एक्स-रेच्या खोलीत ढकललं. हाडं तरी उलट बोलणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. नंतर इंदूरला पाठवून रीतसर शिकवूनही आणलं. तेव्हापासून यादव त्या खोलीचा आणि खोली यादवची. पेशंटला मशीनपुढे उभं करायचं, "सांस भरा, रोखा, हलू नका... छोडो" असं अर्धं मराठी अर्धं हिंदी म्हणायचं, आणि मग शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन लाल दिव्याखाली फिल्म औषधाच्या टाकीत बुडवायची. पाण्यातून माणसाच्या बरगड्या हळूहळू वर येताना पाहणं, हे त्याला कधीच जुनं झालं नाही.

ही गोष्ट बुऱ्हाणपूर नवा जिल्हा झाला त्यानंतरच्या वर्षांतली. दवाखान्यात कॉम्प्युटरचं एक्स-रे मशीन येणार असं ठरलं होतं. ते आलं की अंधारी खोली बंद, टाक्या भंगारात, आणि यादवही त्याच सुमाराला रिटायर. त्याला याचं फार दुःख होतं असं नाही. पण आपण ज्या किरणांबरोबर आयुष्य काढलं त्यांच्याविषयी अजून बरंच विचारायचं राहिलंय, असं त्याला सारखं वाटे.

त्या वैशाखात लीला आली. सुमनबाई मास्तरणीची ही लेक पुण्याला संशोधन करायची, आखाजीच्या सणाला माहेरी आली होती. आईबरोबर गच्चीवर कुरडया वाळत घालताना पाय घसरला आणि घोटा टम्म सुजला. यादवनं तिचा पाय टेबलावर नीट ठेवला आणि सवयीप्रमाणे विचारलं, "पुण्याला काय करतेस, बेटा?"

"तुमचंच काम, काका. एक्स-रे."

"कोणत्या दवाखान्यात?"

"आकाशात."

पडताना डोक्यालाही लागलं की काय, म्हणून यादवनं वाकून तिच्या कपाळाकडे पाहिलं. लीला दुखत असतानाही हसली. म्हणाली, "खरंच काका. तारे जसे डोळ्यांनी दिसतात, तसं एक्स-रेनं पाहिलं तर वेगळंच आकाश दिसतं. लांबच्या आकाशगंगांमध्ये गॅस आहे, तो पाहतो आम्ही."

आता यादवची गाडी सुटली. "पण मशीन कुठी लावता? इकडून किरण सोडायचे तर तिकडं फिल्म कोण धरतं?"

हा प्रश्न फक्त एक्स-रेवालाच विचारू जाणे. त्याच्या सगळ्या आयुष्यात एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला फिल्म आणि मधे माणूस, याखेरीज एक्स-रे निघालाच नव्हता.

"आम्ही काहीच सोडत नाही," लीला म्हणाली. "तो गॅस स्वतःच एक्स-रे सोडतो. आम्ही नुसते झेलतो."

"स्वतःच? क्यूं?"

"तापलाय म्हणून. लोखंड तापलं की लाल होतं ना? अजून तापलं की पांढरं. तसंच एखादी वस्तू कोटी कोटी डिग्री तापली, तर तिच्यातून जे निघतं ते डोळ्यांना दिसतच नाही. तेच एक्स-रे."

घोट्याचं हाड तडकलं होतं. मोतीलाल डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, लीला रिक्षात बसून घरी गेली. यादवचं मात्र त्या दिवशी जेवणात लक्ष लागेना. मशीनशिवाय एक्स-रे! म्हणजे चुलीशिवाय भाकरी फुगली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सुमनबाईंच्या घरी हजर. प्लास्टर वाळलं की नाही ते पाहायला आलो म्हणाला. तिसऱ्या दिवशी बोटं सुजली नाहीत ना, ते पाहायला. बायको शारदा म्हणाली, "प्लास्टर तिच्या पायाले, अन् चैन तुम्हाले नही." पण लीलाही खाटेवर पडून कंटाळली होती. पुण्यात तिच्या कामाबद्दल विचारणारे पुष्कळ होते, तरी उत्तर ऐकून पुन्हा पुढचं विचारणारा असा माणूस तिला आजवर भेटला नव्हता.

तिनं वर्तमानपत्रावर मूठभर शेंगदाणे ओतले. "काका, हा एकेक दाणा म्हणजे एकेक आकाशगंगा. प्रत्येकीत अब्जावधी तारे. आणि हा सगळा ढीग, म्हणजे आकाशगंगांचा एक समूह. आता सांगा, दाण्यांच्या मधे काय आहे?"

"काय असणार? मोकळी जागा."

"तिथेच तो गॅस. दिसत नाही, पण सगळ्या दाण्यांचं मिळून जेवढं वजन, त्याहून गॅसचं वजन जास्त आहे. एक्स-रेनं पाहिलं तेव्हाच ते कळलं."

यादव दाण्यांकडे पाहतच राहिला. जे दिसतं ते कमी, आणि मोकळी वाटते ती जागाच जड. मग लीलानं वर्तमानपत्राच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक मूठ ओतली आणि म्हणाली, "आणि हा दुसरा समूह. माझं काम या दोन ढिगांच्या मधलं. इथे काही आहे का? की खरंच रिकामं आहे?"

"काय वाटतं तुले?"

"बारीक धागा असावा गॅसचा, दोघांना जोडणारा. कापूस पिंजताना दोन पुंजके ओढले की मधे तंतू राहतात, तसा. पुसटसं काहीतरी दिसलंय. पण ते खरं आहे की मला हवंय म्हणून दिसतंय, ते ठरत नाही. पुन्हा पाहायला दुर्बीण मिळायला हवी."

"अन् त्या गॅसमधी हात घातला तर? भाजून राख?"

"काहीच कळणार नाही हाताला. फुलबाजीची ठिणगी हातावर पडते, ती तापलेली असतेच ना? पण एवढीशी, की चटकासुद्धा बसत नाही. हा गॅस त्याहूनही विरळ आहे. खोलीएवढ्या जागेत शोधून शोधून काही कण सापडतील." मग तिनं सांगितलं, "म्हणून तर तो इतका मंद दिसतो. आम्ही दोन-दोन दिवस एकाच जागी टक लावून बसतो. एकेक किरण येतो, तो मोजायचा."

"दोन दिवस!" यादव म्हणाला. "माझा छातीचा फोटो डोळा लवायच्या आत होतो. दोन दिवस त्या गॅसनं श्वास कसा रोखला?"

लीलानं हसता हसता उशी तोंडावर घेतली. आतून सुमनबाई म्हणाल्या, "यादवभाऊ, चहा घ्या आणि तिला थोडं पडू द्या." यादवनं चहा घेतला, पण पडू दिलं नाही.

घरी परतताना त्याला आपल्या शर्टाला लावलेला बिल्ला आठवला. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्यानं तो छातीवर लावायचा असतो. अंगावर चुकून पडणारे किरण तो कणाकणानं जमवत राहतो, आणि तीन महिन्यांनी तो तपासायला मुंबईला जातो. म्हणजे थोडे थोडे किरण साठवता येतात. मग आकाशातून जे आपोआप येतायत ते साठवायला दुर्बीणच कशाला? एक्स-रेची कॅसेट, म्हणजे गाण्याची नव्हे, पत्र्याचा चपटा डबा, आत कोरी फिल्म. त्यात उजेड शिरत नाही, एक्स-रे मात्र शिरतो. ती गच्चीवर आभाळाकडे तोंड करून ठेवली तर? लीलाची दुर्बीण उपग्रहावर बसून वर गेलीय, असं तिनं सांगितलं होतं खरं, पण ती जरा जवळून पाहायला गेली असणार, असा त्यानं अंदाज बांधला. डोंगरावर चढून पाहिलं तर दिसतं चांगलं, पण खालूनही थोडं दिसतंच की.

हीच ती चूक. एक्स-रेच्या खोलीत वाढलेल्या माणसालाच ती सुचू शकते, दुसऱ्या कुणाची तेवढी लायकी नाही.

दवाखान्यात छातीच्या फोटोची मोठी कॅसेट एकच धड होती. शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर यादवनं तिच्यात नवी फिल्म भरली, गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी नेऊन ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं विटा लावल्या. दिवसाही आकाश असतंच, तेव्हा ऊन पडलं तरी बिघडत नाही, असा त्याचा विचार. रविवार गेला. सोमवारी सकाळी लवकर जाऊन उतरवायची, पहिला पेशंट यायच्या आत फिल्म धुवायची. आपल्या हातानं, आपल्या टाकीत, आकाशाचा एक्स-रे! अंधारी खोली बंद व्हायच्या आत एवढं एकदा दिसू दे, मग लोक काय वाटेल ते म्हणोत. रविवारभर तो असा खुशीत होता की शारदानं दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी गच्चीला कुलूप. किल्ली चौकीदार कडूजवळ, आणि कडू साळ्याच्या लग्नाला नेपानगरला गेलेला, येणार दुपारी. यादव जिन्यात उभा राहून कुलपाकडे पाहत होता, तेवढ्यात खालून हाक आली. छातीचा फोटो आहे.

खकनारहून रंभाबाई आली होती. सत्तरीची, वाळलेली, पण बोलण्यात पाणी शाबूत. कित्येक आठवडे खोकला जात नव्हता म्हणून लेकानं बसमध्ये बसवून पाठवलं होतं. मोठी कॅसेट नाही म्हटल्यावर यादवनं लहान दोन घेतल्या. एकीवर उजवी बाजू, मग दुसरीवर डावी.

"दोनदा कायले रे भाऊ?" रंभाबाई म्हणाली. "मी काय दोन बाया हाय का?"

"उभी राह्य, मावशी. सांस भरा, रोखा, हलू नका..."

पहिला फोटो झाला. दुसरी कॅसेट लावेपर्यंत रंभाबाईला खोकल्याची उबळ आली, ती सरकली. यादवनं तिला पुन्हा उभं केलं, पण त्याचं अर्धं मन गच्चीवर होतं. फिल्मा धुऊन झाल्या तेव्हा त्याला दिसलं. उजवीकडच्या फोटोत पाठीचा कणा अर्धाच आला होता आणि डावीकडच्यात आलाच नव्हता. दोन्हींच्या मधली दोन बोटं जागा कुठल्याच फिल्मवर नव्हती.

मोतीलाल डॉक्टरांपुढे ओपीडीची रांग दारापर्यंत. त्यांनी दोन्ही फिल्मा उजेडावर धरल्या, फुफ्फुसं पाहिली आणि विचारलं, "मधलं आलंय ना, यादव?"

"हो साहेब," यादव म्हणाला.

'नाही' म्हणावं तर 'मोठी कॅसेट कुठाय' हा पुढचा प्रश्न होता, आणि जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या यादवची त्या एका प्रश्नाला तोंड द्यायची छाती झाली नाही. डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं. रंभाबाई दुपारच्या बसनं खकनारला गेली.

कडू आला, कुलूप उघडलं. कॅसेटला हात लावता येत नव्हता इतकी ती तापली होती. यादवनं ती फडक्यात गुंडाळून खाली आणली, अंधाऱ्या खोलीत उघडली. आत फिल्मला चिकटून बसवलेला असतो तो पांढरा पडदा फुगून आला होता. फिल्म औषधात बुडवली आणि तो पाहत राहिला. हळूहळू तिच्यावर करडेपणा चढला. इकडून तिकडून सगळीकडे सारखा, मधे मधे थोडा दाट. उकाड्यात राहिलेली फिल्म अशीच खराब होते. आजवर अशा कितीतरी त्यानं फेकून दिल्या होत्या. पण या वेळी त्याच्या मनानं साफ सांगितलं, बाबा, ही तशी नाही. ही बघ किती पसरलीय. गॅस पसरलेलाच असणार ना?

ओली फिल्म हँगरसकट पिशवीत घालून तो संध्याकाळी लीलाकडे गेला. तिनं ती खिडकीशी धरून पाहिली. मग हळूच विचारलं, "काका, हे कुठलं?"

त्यानं सांगितलं. सांगताना त्याच्या आवाजात लहान पोराची उत्सुकता होती, त्यामुळे लीलाला पुढचं बोलणं फार जड गेलं.

"काका, तो एक्स-रे खाली पोचतच नाही. दुर्बीण वर पाठवली ती जवळ जाण्यासाठी नाही हो, हवेच्या वर जाण्यासाठी. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन केलं ना, तर तीन फूट जाड शिशाच्या थराएवढं भरतं. तुम्ही शिशाचं एप्रन घालता ना मशीनपाशी?"

यादवनं खिडकीतून वर आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे साऱ्या जगालाच एप्रन घातलंय."

"हो. म्हणून तर आपण आहोत."

"मंग हे?" त्यानं फिल्मकडे बोट केलं, उत्तर माहीत असूनही.

"ऊन असावं, काका."

त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण त्याच्या स्वभावाला वाईट वाटून घेत बसायची सवय नव्हती. एक प्रश्न मेला की दुसरा जन्मायचाच. त्यानं फिल्म पिशवीत घातली आणि विचारलं, "तुमच्या दुर्बिणीत तरी फिल्म असते का?"

"फिल्म नसते. कॅमेऱ्यात बारीक बारीक चौकोन शेजारी शेजारी बसवलेले असतात, फरशा बसवतात तसे. आणि फरशांच्या मधे जशी सांध असते तशी तिथेही असते. त्या सांधीत जे पडलं ते दिसतच नाही." लीला आता रंगात आली होती. "माझ्या त्या दोन समूहांचं तेच झालं होतं. कुणीतरी आधी फोटो घेतला होता. दोन्हीकडे लख्ख उजेड, आणि मधे काळं. लोकांनी लिहून टाकलं, मधे काही नाही. मी पाहिलं तर नेमकी मधूनच सांध गेलेली! काही नाही, हे त्यांना दिसलं नव्हतं काका. त्यांनी मधे पाहिलंच नव्हतं. म्हणून आम्ही दुर्बीण जराशी सरकवतो आणि पुन्हा पाहतो. पुन्हा पाहायचंच असतं, तो नियमच आहे."

यादवनं हातातला चहा अर्धाच टाकून कप खाली ठेवला.

"काय झालं, काका?"

"काही नही, बेटा," तो म्हणाला आणि उठला. चपला घालताना त्याला पट्टा सापडेना. रस्त्यानं जाताना त्याला फक्त त्या दोन फिल्मा दिसत होत्या. इकडे फुफ्फुस साफ, तिकडे फुफ्फुस साफ, आणि मधली दोन बोटं. टीबीची गाठ धरते ती पुष्कळदा तिथेच. लीलाच्या सांधीत फार तर एक धागा होता, हरवला तर लाखो वर्षं तिथेच राहील. रंभाबाईला एवढी सवड नव्हती.

सकाळी तो मोतीलाल डॉक्टरांच्या खोलीत गेला, दार लावलं आणि सगळं सांगितलं. गच्ची, विटा, फुगलेला पडदा, आणि शेवटी ते 'हो साहेब'. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आभाळाचा एक्स-रे," ते म्हणाले. "यादव, पडदा गेला त्याचं मला काही नाही. तू पागल आहेस हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पण मी विचारलं तेव्हा तू खोटं बोललास. ती बाई माझ्या शब्दावर घरी गेली."

यादवनं मान खाली घातली.

"उभा काय राहिलास? जा, घेऊन ये तिला."

शहरातच लालबागला एका दवाखान्यातला एक्स-रेवाला त्याच्या ओळखीचा होता. त्याच्याकडून मोठी कॅसेट उसनी मागून यादवनं ती मशीनपाशी ठेवली आणि खकनारची बस धरली. सगळ्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळीच केळी, पण त्याचं लक्ष नव्हतं. पुन्हा पुन्हा त्याला एकच गंमत सुचे आणि ती गंमत वाटत नसे. लीलाला मधे काहीतरी सापडावं म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती. आपणही एक्स-रेवालेच, पण आपल्याला मधे काहीही सापडायला नको होतं.

रंभाबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. यादवला पाहून तिनं सूप खाली ठेवलं. "तू तो फोटोवाला नही का? काय झालं? मी मरू राह्यली का?"

"नही मावशी. फोटो नीट नही आला. मधलं राह्यलं."

"कोणाच्या चुकीनं राह्यलं?"

"माह्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. सरकारी असो की खाजगी, दवाखान्यातल्या कुठल्याही माणसानं 'माझी चूक' म्हटलेलं तिनं या जन्मात ऐकलं नव्हतं. "बसमधी बसून तू एवढा आला?" ती म्हणाली. "बरं चाल. पण जाता-येता खिडकीची जागा मले."

बसमध्ये खिडकीशी बसून तिनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. तीही काही कमी नव्हती. मोठी कॅसेट कुठी होती? गच्चीवर कायले? आभाळाचा फोटो कायले? यादव सांगत गेला. दाण्यांचे ढीग, मधला गॅस, साऱ्या जगाला घातलेलं एप्रन. आपल्यालाच कुणी असं खोदून विचारतंय, ही गोष्ट त्याला नवी होती आणि फार बरी वाटत होती. ती एवढंच म्हणाली, "दोन घरांच्या मधी कधी रिकामं ऱ्हातं का रे भाऊ? पोरीनं मले विचारायचं होतं."

दवाखान्यात त्यानं तिला मशीनपुढे उभं केलं. हनुवटी वर, खांदे पुढे. या वेळी त्यानं घाई केली नाही. खोकला येऊन गेला की मग म्हणाला, "सांस भरा. रोखा. हलू नका." ती हलली नाही. उलट तोच श्वास रोखून उभा होता, ते त्याला बटण सोडल्यावर कळलं.

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली त्यानं फिल्म टाकीत सोडली. आधी खांद्याची हाडं आली. मग बरगड्या, एकेक, दोन्हीकडून. मग दोन्ही फुफ्फुसं काळी होऊ लागली, छान, स्वच्छ काळी. त्यानं मधे पाहिलं. कणा होता, सबंध होता. त्याच्या दोन्ही कडांना, जिथे गाठी धरतात तिथे, त्यानं वाकून वाकून पाहिलं. पाण्यात धुऊन पुन्हा पाहिलं. मग फिल्म तशीच ओली घेऊन तो डॉक्टरांकडे पळाला. डॉक्टरांनी ती दिव्याच्या पेटीवर लावली आणि या वेळी सावकाश पाहिली.

"काही नाही," ते म्हणाले. "साफ आहे. गाठ नाही, काही नाही. जुना खोकला आहे, चुलीचा धूर."

यादव दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. 'काही नाही' या दोन शब्दांत एवढं सुख असतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"पाहू दे मले," बाकावरून उठत रंभाबाई म्हणाली. "माह्याच छातीचा हाय ना? मले कोणी दाखवतच नही."

डॉक्टर हसून बाजूला झाले. ती पेटीपुढे जाऊन उभी राहिली, पदर सावरला, आणि स्वतःच्या बरगड्यांकडे टक लावून पाहू लागली. मग तिनं मधल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "अन् हे मधी काय हाय?"

"ते काळीज, मावशी," यादव म्हणाला.

"येवढंसं?"

"हो. तुमची मूठ जेवढी, तेवढंच असतं."

रंभाबाईनं आपली मूठ वळून फिल्मशेजारी धरली. मूठ पाहिली, फिल्म पाहिली, पुन्हा मूठ पाहिली.

"दोन लेकरं गेली माही," ती म्हणाली. "मालक गेले. चार जगली, त्याइची लगनं झाली, नातवंडं झाली. समदं ह्याच्यातच ठिवलंय मी. येवढ्याशात कसं मावलं रे, भाऊ?"